एअरबॅगचा दिवा विझतच नाही

प्रश्न : वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. एअरबॅगचा दिवा कायम पेटलेला असतो. बॅटरी काढून जोडली, तरी फरक नाही. काय तपासावे?

उत्तर : दिवा पेटवणाऱ्या बिघाडाचा कोड एअरबॅग मॉड्यूलमध्ये (एअरबॅग नियंत्रित करणाऱ्या युनिटमध्ये) साठतो, बॅटरी काढून तो सहसा पुसला जात नाही. साधे कोड रीडर बहुधा इंजिनापुरतेच असतात, म्हणून एसआरएस (एअरबॅग यंत्रणा) वाचणारा स्कॅनर लावा आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. सीटच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त दाखवत असेल, तर सीटखालचा पिवळा कनेक्टर पाहा. सीट मागेपुढे सरकवून तो सैल होतो, पिना काळवंडतात. हॉर्नही बंद असेल, तर संशय स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगवर (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर) घ्या. आधीच्या मालकाने सीट किंवा स्टिअरिंग बदलले आहे का, हेही बघा. अशा गाड्यांत ते वारंवार आढळते.

कनेक्टरला हात लावण्यापूर्वी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मॅन्युअलमध्ये तो सापडला नाही, तर निदान १० मिनिटे थांबा. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरलेला असतो. एअरबॅगला थेट मल्टिमीटर कधीही लावू नका, त्याच्या करंटनेही ती फुटू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी शक्यतो चालवू नका : दिवा पेटलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नसते.