‘विकलेला माल परत नाही’, मग पैसे बुडाले?

प्रश्न : ताई, चवथीच्या आठ दिवस आधी म्हापशात मिक्सर घेतला. पहिल्याच दिवशी खोबरं वाटताना जळका वास आला आणि मोटर बंद पडली. दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आता काय करू? – एक वाचक, डिचोली

उत्तर : वहिनी, त्या ओळीला घाबरू नका. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलात मुदत दिली नसेल तर ३० दिवस धरतात. (रंग आवडला नाही म्हणून परत, हा मात्र हक्क नव्हे.)

मी स्वतः एका इस्त्रीसाठी तीन खेपा घातल्या, नुसत्या तोंडी. चौथ्यांदा लेखी अर्ज नेला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मागितला. मालकाने शिक्क्याऐवजी गल्लाच उघडला! तुम्हीही आजच लिहा. बिलाचा फोटो काढून ठेवा, ती शाई उडू शकते. मिक्सर बाहेर कुठे उघडायला देऊ नका.

तरी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिथे तक्रार करायची मुदत २ वर्षं, पण थांबू नका.