एआर-१५ रायफलचं अपर (वरचा अर्धा भाग) आणि लोअर (खालचा अर्धा) एकमेकांवर खुळखुळतं. नेम बिघडतो का? उपाय काय?

नेम बिघडत नाही. काही करू नका.

हेच मी सहा वर्षं आमच्या साडूंना सांगतोय. आम्ही दोघंही ह्यूस्टनजवळ राहतो. माझी रायफल हातात आली की ते कानाशी धरून हलवतात आणि विचारतात, "स्वस्तात मिळाली का हो?" अहो, मी भोसरीत अकरा वर्षं टूलरूममध्ये घासली आहेत, फिट मला कुणी शिकवू नये. एका कंपनीचं अपर दुसऱ्या कंपनीच्या लोअरवर दोन पिनांवर बसायचं, तर थोडा प्ले, म्हणजे मोकळीक, ठेवावाच लागतो. बॅरल अपरला, बोल्ट (गोळीमागे नळी बंद करणारा भाग) अडकतो बॅरलच्याच मागच्या टोकात, दुर्बीणही अपरवर. खाली राहिलं काय, ट्रिगर आणि दस्ता.

तरी एकदा चिडून मी मागच्या पिनेजवळ बसवायचा तो रबरी तुकडा आणला. थोडा कापून बसवायचा असतो, मी अख्खाच कोंबला. रायफल दगडासारखी घट्ट! रेंजवर १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत विखुरल्या, एरवी दीड इंचात येतात. उघडायला गेलो तर पीन हलेना. साडूंनी शेजारच्या टेबलावरून हातोडी मागून आणली, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पीन निघाली, बरोबर अ‍ॅनोडायझिंगचा (अ‍ॅल्युमिनियमवरच्या थराचा) टवकाही. आणि खरा दोष? दुर्बीण रायफलवर धरणाऱ्या माउंटचा स्क्रू ढिला. साडूंचं म्हणणं, "खुळखुळून खुळखुळूनच ढिला झाला तो." सहा वर्षांत हा माणूस एकदाही हरलेला नाही.

तर आधी माउंटचे स्क्रू बघा. अगदीच हाताला खटकत असेल तर पुढच्या पिनेच्या कानाभोवती पातळ ओ-रिंग (रबरी कडी) घाला, चार आण्यांचं काम. काही लोअरमध्ये मुठीच्या आतून आवळायचा नायलॉनच्या टोकाचा स्क्रू असतो, तो उत्तम. काहीही केलंत तरी पीन बोटाच्या जोरावर निघाली पाहिजे. इपॉक्सी भरू नका, ठोकून भोक आवळू नका.

हां, भोकं लंबगोल झाली असतील किंवा पीन आपोआप बाहेर सरकत असेल तर वरचं सगळं विसरा आणि गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) जा.

आणि बाकावरून मारताना दस्त्यावर गालाचा दाब दर वेळी वेगळा पडला, तर या ढिलेपणानं किंचित फरक पडूही शकतो. आमचे साडू हे वाचत नसावेत.