मणक्याला मार लागल्यावर बीसीआय (मेंदूचे संकेत कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) ट्रेनिंगने हात पुन्हा हलू लागतो का?

हलू शकतो, पण बहुतेक वेळा मशीन जोडलेलं असेपर्यंतच. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या इयान बर्कहार्टचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये पाण्यात सूर मारताना त्याची मान मोडली. २०१४ मध्ये मेंदूत चिप बसवली. हात हलवायचा विचार केला की चिप तो संकेत टिपायची, कॉम्प्युटर अर्थ लावायचा आणि हाताला गुंडाळलेली इलेक्ट्रोडची पट्टी स्नायूंना हलका करंट द्यायची. थोडक्यात, मणक्याला बायपास. महिनोन्महिने सराव करून तो बाटली उचलून ओतू लागला, कार्ड स्वाइप करू लागला (हे २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं). पण हे सगळं लॅबमध्ये, डोक्याला केबल लावून! स्विच बंद, की हात पुन्हा लुळा.

मशीन काढल्यावरही टिकणारा फरक हवा असेल तर मज्जारज्जूतले काही तंतू शाबूत लागतात. प्रयत्न आणि स्नायूची हालचाल नेमकी एकाच वेळी घडत राहिली, की उरलेले मार्ग पक्के होतात, असा त्यामागचा तर्क. म्हणून दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण, हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि फिजिओथेरपी मात्र यासाठी थांबवू नका.