टोरिक लेन्सचे पैसे घेतले, पण नंबर तसाच राहिला

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. पाच आठवड्यांपूर्वी एका खासगी नेत्र रुग्णालयात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला २.२५ सिलिंडरचा नंबर होता. साधी लेन्स टाकली तर चष्मा राहील, सिलिंडरचा नंबरही घालवणारी टोरिक लेन्स टाकली तर तोही जाईल, असं तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं. ‘लांबचा चष्मा लागणार नाही’ असा त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहे. साध्या लेन्सचा दर ८,००० होता, आम्ही ३८,००० ची टोरिक घेतली. एकूण बिल ७२,००० झालं. आता तपासणीत १.७५ सिलिंडर शिल्लक निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘असं होतं कधी कधी, चष्मा लावा.’ मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी लेन्स फिरली असावी, असा अंदाज सांगितला. तेव्हा पहिल्या रुग्णालयाने लेन्स सरळ करायला १५,००० वेगळे मागितले. डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं स्टिकर नाही. संमतीपत्र इंग्रजीत होतं, त्यावर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सही घेतली. आईची ३ लाखांची आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे. विमा कंपनीने लेन्सचे ३८,००० ‘चष्म्याचा नंबर घालवण्याचा खर्च’ म्हणून कापले आणि ३४,००० दिले. माझे चुलतभाऊ रुग्णालयात जाऊन जाब विचारू म्हणतात. पोलिसांत जावं का? १० लाख भरपाई मागता येईल का? डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही तिथेच ठरलं आहे.

उत्तर : तुम्ही कायद्याचं विचारलंत, पण मी आधी डोळ्याचं सांगते. ग्राहक आयोगात जायला तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. लेन्सकडे तेवढा वेळ नाही. डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत ही लेन्स बसवतात, ती पिशवी दिवसागणिक आक्रसून लेन्सला घट्ट धरते. म्हणून फिरलेली लेन्स सरळ करायची असेल तर ते काम पहिल्या काही आठवड्यांत सोपं जातं. पाच आठवडे तर झालेच. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी ‘पुरावा नष्ट होईल’ या भीतीने आठ महिने डोळ्याला हात लावू दिला नव्हता. कागद जपले, पण दुरुस्ती अवघड होऊन बसली. तुमच्या आईंच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. लेन्स हलवायची की नाही हे नेत्रतज्ज्ञ ठरवतील. तुमच्या हातात आहे ते याच आठवड्यात त्यांच्यासमोर जाऊन बसणं.

पुराव्याची काळजी करू नका, कारण सगळ्यात भक्कम पुरावा आईंच्या डोळ्यातच आहे. टोरिक लेन्सच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या खुणा असतात, साध्या लेन्सला त्या नसतात. थेंब घालून बाहुली मोठी केली आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं की खुणा दिसतात आणि लेन्स किती अंशांवर आहे तेही मोजता येतं. मिरजेच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी न करता अंदाज सांगितला असेल, तर ही तपासणी पुन्हा करून घ्या. तिचा फोटो घ्या आणि लेखी अहवाल मागा. अहवालात दोनच गोष्टी हव्यात : लेन्स टोरिक आहे का, आणि आज तिचा अक्ष किती अंशांवर आहे. चूक कोणाची, हे त्या डॉक्टरांना लिहायला लावू नका. ते लिहिणार नाहीत, आणि आग्रह धरलात तर साधा अहवाल द्यायलाही कचरतील.

या दोन गोष्टींवर मी एवढा भर का देते ते सांगते. सिलिंडरचा नंबर म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल सगळीकडे सारखं गोल नसणं. एका दिशेला त्याचा बाक जास्त असतो, दुसऱ्या दिशेला कमी. टोरिक लेन्सची ताकदही तशीच दिशेप्रमाणे बदलते, म्हणून ती नेमक्या अंशावर बसावी लागते. तिथून एक अंश सरकली तरी सिलिंडर घालवण्याची साधारण ३.३ टक्के ताकद वाया जाते, आणि ३० अंश सरकली तर फायदा जवळजवळ शून्य होतो. आईंचा २.२५ पैकी १.७५ उरला आहे. लेन्स वीस-पंचवीस अंश फिरली असेल तर एवढा नंबर उरू शकतो. पण टोरिक ऐवजी साधी लेन्स बसवली असेल, तरी याच्या आसपासचाच नंबर दिसेल. चष्म्याच्या कागदावर ही दोन प्रकरणं सारखीच दिसतात, कायद्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

टोरिकचे पैसे घेऊन साधी लेन्स टाकली असेल, तर वैद्यकीय निष्काळजीपणाचा वाद घालायची गरजच उरत नाही. ती सरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि जाणूनबुजून केल्याचं दिसलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूकही. लेन्स टोरिक आहे, योग्य अंशावरच बसवली होती आणि नंतर आपोआप फिरली, असं निघालं तर केवळ तेवढ्यावर डॉक्टरांना दोषी धरता येणार नाही. चांगल्या हातांनी केलेल्या ऑपरेशनमध्येही असं होऊ शकतं. अपेक्षित परिणाम मिळाला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावलं आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. तिसरी शक्यता या दोहोंच्या मधली : मोजमाप किंवा खूण करण्यातच चूक झाली. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून अक्षाची खूण रुग्णाला बसवून करायची असते, किंवा तेच काम करणारं यंत्र वापरायचं असतं. यातलं काही केल्याची नोंद नसेल, तर उत्तर रुग्णालयाने द्यायचं आहे.

आता कागद. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि नोंदी ३ वर्षं जपणंही बंधनकारक आहे. आईंच्या सहीचा मराठीत अर्ज करा. हातोहात दिलात तर प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, ते नकार देतील तर पोहोच मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा. अर्जात ‘सर्व कागद’ असं मोघम लिहू नका, नाहीतर पुन्हा तेच डिस्चार्ज कार्ड हाती येईल. नावानिशी मागा : ऑपरेशनपूर्वीचं बायोमेट्री आणि केराटोमेट्रीचं (डोळ्याच्या आणि पटलाच्या बाकाच्या मोजमापांचं) प्रिंटआउट, टोरिक लेन्स निवडताना केलेल्या गणिताचं प्रिंटआउट, ऑपरेशन नोट, संमतीपत्र, ऑपरेशननंतरच्या प्रत्येक तपासणीची नोंद, आणि लेन्सच्या खोक्यावरचं स्टिकर. त्या स्टिकरवर मॉडेल, पॉवर, सिलिंडरची ताकद आणि अनुक्रमांक असतो. गणिताच्या कागदावर लेन्स किती अंशांवर बसवायची होती ते असतं. तो आकडा आणि मिरजेच्या अहवालातला आकडा शेजारी ठेवले की प्रकरण निम्मं उलगडतं. रुग्णालयाने कागद दिलेच नाहीत, तर ते गैरवर्तन म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नेता येतं, आणि ग्राहक आयोगातही नोंदी लपवणाऱ्याविरुद्ध निष्कर्ष निघू शकतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट नंबराची नाही, संमतीची आहे. आयुष्यभर मुलांना मराठी वाचायला शिकवलेल्या बाईंकडून, ऑपरेशनच्या दिवशी, इंग्रजी कागदावर सही घेतली. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती म्हणजे नुसती सही नाही. उपचार काय, त्याचे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे रुग्णाला विचार करून ठरवता येईल इतपत सांगितलेलं असलं पाहिजे. ‘टोरिक लेन्स क्वचित फिरते, मग ती पुन्हा सरळ करावी लागते आणि त्याचा खर्च वेगळा’ हे एक वाक्य ३८,००० घेण्याआधी कुणी उच्चारलं होतं का? ते टाळून ‘चष्मा लागणार नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर माहिती दडवली हा मुद्दा उभा राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक न देणं हाही सेवेतला दोष आहे. लेन्स आपोआप फिरली असं निघालं तरी हा मुद्दा टिकतो. म्हणून तो मेसेज जिवापाड जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरे नाही. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका, आणि दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

१५,००० बद्दल. फिरलेली लेन्स फुकट सरळ करून द्यावी असा कायदा नाही. चूक त्यांची निघाली तर ते पैसे परत मागता येतात, एवढंच. पैशांवरून काम अडवू नका. कुठेही करून घ्या, पण आधी फोटो, आणि पहिल्याच रुग्णालयात केलंत तर ‘हक्क राखून ही रक्कम भरत आहोत’ असं लेखी देऊन भरा.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ सालीच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने ठरलं आहे. तक्रारदार तुम्ही नाही, आई असतील. तुम्ही त्यांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभे राहू शकता, वकील सक्तीचा नाही. राहत्या ठिकाणी दाद मागता येते, म्हणजे सांगली जिल्हा आयोगात. रुग्णालयाला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, आणि तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव खटल्यात सांगितलं. बिलात एक लेन्स आणि डोळ्यात दुसरी, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. अक्ष चुकवला, असं म्हणायचं तर मात्र लागेल.

१० लाख मागू नका. आईंची दृष्टी गेलेली नाही, चष्म्याने त्यांना नीट दिसतं आहे, ही देवाची कृपा समजा. फुगवलेला आकडा पाहिला की खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने बघितलं जातं. साधी आणि टोरिक लेन्स यांच्या दरातला फरक ३०,०००, लेन्स सरळ करण्याचा खर्च, चष्मा, प्रवास, मानसिक त्रासापोटी माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. प्रत्येक रुपयाला पावती असू द्या.

विमा कंपनीचं प्रकरण पूर्ण वेगळं ठेवा. त्यांनी वापरलेला अपवाद ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक) कमी नंबर घालवण्याच्या उपचारांचा आहे. पण आईंनी नंबर घालवायला ऑपरेशन केलेलं नाही, मोतीबिंदू काढायला केलं, आणि मोतीबिंदू काढला की डोळ्यात कुठली तरी लेन्स टाकावीच लागते. त्यामुळे ३८,००० सगळेच्या सगळे कापणं कुठल्याही वाचनात बसत नाही. निदान साध्या लेन्सचे ८,००० तरी मान्य करायलाच हवेत. मात्र तुमचा समज आहे तसे इथे ३८,००० पणाला लागलेले नाहीत. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांपैकी कमी असेल ती मर्यादा आहे. तुमच्या बाबतीत ती ४०,०००. मिळाले ३४,०००. म्हणजे भांडण फार तर ६,००० चं आहे, आणि त्यातूनही या पॉलिसीत प्रत्येक दाव्यातला ५ टक्के वाटा विमाधारकाने सोसायचा असतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हेच गणित एका पानात लिहून पाठवा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. साधी लेन्स निघाली तर तो मार्ग उघडा आहेच. आणि चुलतभावांना आजच थांबवा. रुग्णालयात मारहाण किंवा तोडफोड झाली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो, ३ वर्षांपर्यंत कैद आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. बोलाचाली वाढायला दोन मिनिटं लागतात, आणि मग तक्रारदार असलेल्या तुमच्या आई आरोपींच्या नातेवाईक होऊन बसतील. डॉक्टरांचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर लिहू नका, हेही त्यांना सांगा.

डाव्या डोळ्याची ठरलेली तारीख पुढे ढकलता येईल का, ते मिरजेच्या डॉक्टरांना विचारा. कुठेही करा, पण त्या डोळ्याला सिलिंडर किती, लेन्सचं मॉडेल आणि छापील किंमत काय, लेन्स फिरली तर खर्च कोणाचा, हे आदल्या भेटीत मराठीत लिहून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी बंद खोकं दाखवायला सांगा आणि त्याचं स्टिकर कार्डावर चिकटवल्याशिवाय घरी निघू नका.

डोळ्याचा अहवाल आणि रुग्णालयाने दिलेल्या नोंदी हातात आल्या की त्यांच्या प्रती मला पाठवा. नोटीस कोणत्या मुद्द्यावर काढायची ते लेन्सच्या ठरलेल्या आणि आजच्या अंशांच्या त्या दोन आकड्यांवरून ठरवू.