रोज सोबत बाळगायला कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा? २४ मेगापिक्सेल पुरतील का?

पुरतील, उरतील. १२ बाय १८ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आसपास भागतं. एवढ्या मोठ्या प्रिंट मी आजवर दोनच काढल्या, त्यातली एक सासुरवाडीच्या आग्रहाखातर.

तुम्ही लिहिलंय की मुलगी तीन वर्षांची आहे आणि फोटो बहुतेक घरातच काढायचेत. मग खरा प्रश्न उजेडाचा. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५वर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ ५.६पर्यंतच उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. एफ १.८ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स लावा, जवळजवळ दसपट उजेड आत येतो आणि पळणारं पोर हललेलं येत नाही. त्यामुळे बॉडी स्वस्तातली घ्या, पण ही लेन्स घ्याच. फोटो टिपणारा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान असेल तर ३५ मिलिमीटरची बघा. स्वस्त म्हणून मी आधी ५०ची घेतली. या सेन्सरवर ती ७५सारखी वागते, आणि भिंतीला पाठ टेकवूनही माझ्या फ्रेममध्ये आजी अर्धीच मावायची.

दुसरं म्हणजे वजन. माझा पहिला कॅमेरा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, वर भलीमोठी झूम. सिंहगडावर दोनदा नेला, मग कपाटात गेला तो गेलाच. पावसाळ्यानंतर काढला तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी! आता छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, मंडईत जाताना पिशवीत कोथिंबिरीशेजारी बसतो. पालख्या भवानी पेठेत, नाना पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा याचा फायदा कळतो. मोठी लेन्स रोखली की माणसं अवघडतात, याच्याकडे कुणी बघतही नाही.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. शटर काउंट, म्हणजे त्यावर आजवर किती फोटो काढलेत ते विचारा, मोबाईलचा टॉर्च मारून लेन्स आरपार बघा. एफ १६वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, तेवढे पैसे कमी करायला सांगा.

आणि जूनच्या आत घेणार असाल तर घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्याच दिवशी आणा.