रस्ते देखभालीचा उपविभाग नव्यानं हाती आला आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बढतीनंतर ९० किलोमीटरचा देखभाल उपविभाग मिळाला, पावसाळ्याला दोन महिने आहेत, तर माणसं, यंत्रं आणि निधी यांचं नियोजन कसं करावं. आणि शेवटी लिहिलंय, "सहकारी याला शिक्षेची बदली म्हणतात." नियोजनावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलो ते त्या शेवटच्या वाक्यामुळे.

पुणे आणि आसपासच्या रस्त्यांवर माझी ३१ वर्षं गेली, त्यातली १९ देखभालीत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नव्या रस्त्याला नारळ फुटतो, फोटो छापून येतो. रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणारी मोरी साफ केली म्हणून नारळ फोडलेला मी एकदाही पाहिला नाही. पण तो नवा रस्ता १५ वर्षं टिकणार की ३, हे मोरीवरच ठरतं. ही शिक्षा नाही, खरं अभियांत्रिकीचं काम हेच आहे.

शहराच्या पश्चिमेला आमच्याकडं एक उताराचा रस्ता होता. त्यातला २०० मीटरचा तुकडा दर जुलैत उखडायचा. मी चार्ज घेतला तेव्हा फायलीत सलग चार वर्षांची बिलं होती, सगळी त्याच साखळीची, म्हणजे रस्त्यावरच्या त्याच ठिकाणाची. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. खड्डा चौकोनी कापला, कडा उभ्या घेतल्या, धूळ काढली, टॅक कोट म्हणजे थर चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात मारला, डांबरी माल १४० अंशांच्या वर असतानाच पसरला, रोलर पुरेसा फिरवला. कुठंही कसूर नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खड्डा पुन्हा हजर.

आणि एका सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक मुलगा मोटारसायकलसकट त्यात पडला. मनगट मोडलं. मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. कॅन आडवा पडलेला, खड्ड्यातलं पाणी दुधानं पांढरं झालेलं. आमचे मुकादम, त्यांना सगळे तात्याच म्हणायचे, ते खड्ड्याकडं बघत नव्हते. उताराच्या खालच्या अंगाला वीसेक फुटांवर उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "साहेब, हितं बघा." तिथं डांबराला केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून पांढरट पाणी झिरपत वर येत होतं. वरचा थर आणि खडी यांच्या मधून पाणी वाहत होतं. पेपरात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. चाक वरून गेलं की ते पाणी दाबलं जातं, खडीवरचं डांबर सोडवतं, बारीक माल बाहेर फेकतं. वरून कितीही चांगला माल भरा, तळच राहिलेला नसतो.

तात्यांनी मला दीडशे मीटर वर नेलं. डोंगराकडच्या बाजूला एका प्लॉटवाल्यानं गाडी आत न्यायला मुरूम टाकून रॅम्प केला होता. त्याच्याखाली आमच्या नळ्याच्या मोरीचं तोंड गाडलं गेलं होतं. डोंगराचं जे पाणी रस्त्याखालून पलीकडं जायचं, ते रस्त्याच्या पोटात शिरत होतं. तात्यांनी हे आधीच्या दोन साहेबांना सांगितलं होतं. एकानं लिहून घेतलं, त्याची बदली झाली. दुसरा म्हणाला, अंदाजपत्रकात नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी वरिष्ठांना म्हटलं, पावसाळापूर्व कामाच्या निधीतून पॅचवर्क थोडं कमी करतो आणि जेसीबी नि गँग आधी मोऱ्यांना आणि गटारांना लावतो. ते म्हणाले, "गटार कुणाला दिसतं? रस्ता काळा दिसला पाहिजे." वर पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा दाखला, १९७६ साली झाला, दहा वर्षांची हमी होती, पुढंही कित्येक वर्षं खड्डा नाही, म्हणजे मालाचा दर्जा बघा. दर्जाबद्दल दुमत नाहीच. पण त्या रस्त्याच्या पोटात कुणी डोंगराचं पाणी सोडलं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

मी मोरी उघडलीच. रॅम्प नुसता काढला असता तर त्या माणसानं चार दिवसांत पुन्हा मुरूम टाकला असता, म्हणून खाली ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा नळा, टाकून त्याचा रॅम्प त्याला परत करून दिला. बाजूचं गटार मोरीपर्यंत ओढलं, साईडपट्टी छिलून रस्त्यापेक्षा खाली घेतली. मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तराला मी चार वर्षांची बिलं जोडली.

त्या पावसाळ्यात तो तुकडा उखडला नाही. बैठकीत वरिष्ठ म्हणाले, यंदा पाऊसच कमी. त्याच आठवड्यात खडकवासला धरणातून विसर्ग चालू होता आणि पुण्यात नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली होता! आता दोघंही निवृत्त आहोत. मागच्या वर्षी एका लग्नात भेटले, तरी "तुमचं ते गटाराचं वेड" म्हणालेच. साहेब, ते वेड नव्हतं. तो खड्डा त्यानंतर सहा वर्षं, मी तिथं होतो तोवर, परत आला नाही, आणि त्या सहा वर्षांत तिथं कुणाचं मनगट मोडलं नाही.

तर तुमचा प्रश्न. दोन महिन्यांपैकी पहिले पंधरा दिवस ९० किलोमीटर चाला. गाडीतून नाही, पायी, मुकादमाला बरोबर घेऊन. प्रत्येक मोरीची दोन्ही तोंडं बघा. मागच्या तीन वर्षांची मोजमाप पुस्तकं काढा, कुठं किती काम झालं ते त्यांत असतं. एकाच साखळीवर दोनदा बिल निघालं असेल तर तिथं खड्डा नाही, पाण्याचा रोग आहे. निधी आधी तिथं. पहिल्या मोठ्या पावसात ऑफिसात बसू नका. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानंही जिथं डबकं आहे, त्याच्या कडेनं विटेच्या तुकड्यानं रेघ ओढून फोटो घ्या. तक्रारींचं ॲप हवंच, पण ॲपवर खड्डा दिसतो, वर दीडशे मीटरवरचा रॅम्प दिसत नाही.

ओल्या खड्ड्यात गरम माल ओतू नका, कुणाचाही फोन येवो. भर पावसाळ्यात कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता भरायचा डांबरी माल, वापरा आणि पाऊस उघडल्यावर कापून पक्कं करा. गँगला जॅकेट, कोन आणि दोन्ही टोकांना झेंडीवाला नसेल तर काम सुरू करू नका. यावर मी कधीच तडजोड केली नाही.

आता जे आधी लिहायला हवं होतं. माझा अनुभव उताराच्या, मुरमाड भागातला. तुमचे रस्ते शहरात असतील तर पाण्याइतकीच मोठी डोकेदुखी खोदाईची. ३० एप्रिलनंतर शहरात सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते आणि चर निघालेल्या मातीनंच बुजवले जातात. खोदणाऱ्याची अनामत सोडण्याआधी स्वतः पहार मारून बघा. हातभर सहज आत गेली तर थर दाबलेलेच नाहीत. दुसरं, जुना थर न खरवडता त्यावर थर चढवू देऊ नका, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि घरांत पाणी शिरतं. आणि दौंड, इंदापूर बाजूची काळी माती असेल तर मोऱ्या उघडून अर्धंच काम होतं. ती माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, तिथं खालच्या थरापासूनच विचार करावा लागतो. उपविभाग कुठल्या बाजूचा आहे तेवढं कळवा, त्यावर वेगळं लिहीन.