'प्रादेशिक क्षत्रप' म्हणणं आता पुरे

प्रश्न असा आलाय: "बातम्यांत कायम 'प्रादेशिक क्षत्रप' ऐकू येतं, त्यातला 'प्रादेशिक' हवाच का? आमच्या सरांनी शाळेत क्षत्रप म्हणजे क्षत्रियांचा पती असं सांगितलं होतं, ते खरं का? आणि प्राचीन इराणचं साम्राज्य या क्षत्रपांनीच मोडलं असं वाचलं, तेही सांगा."

पहिलं पटकन सांगतो. नको. क्षत्रप म्हणजेच प्रांताचा रखवालदार, प्रदेश त्या शब्दाच्या पोटातच आहे. निवडणुका आल्या की चॅनेलवर दर पाच मिनिटांनी हा 'प्रादेशिक क्षत्रप' येतो आणि माझं डोकं उठतं. त्याहून वाईट म्हणजे आता क्षत्रप या शब्दाला 'दिल्लीला न जुमानणारा पुढारी' असा अर्थ चिकटवलाय. मूळ अर्थ बरोबर उलटा, वरच्याने नेमलेला आणि वरच्याला जबाबदार असलेला माणूस.

क्षत्रियांचा पती हे तर साफ चूक. पती असता तर क्षत्रपती झालं असतं, शेवटचा 'ती' काय हवेत उडून गेला? हा 'प' म्हणजे पा धातू, राखणे, सांभाळणे. गोप, भूप, नृप, अधिप यांतला तोच. आणि पुढचा 'क्षत्र' म्हणजे क्षत्रिय जात नव्हे, सत्ता, राज्य. आणि एक कृपा करा, छत्रपती शब्द क्षत्रपवरून आला असं जे फॉरवर्ड फिरतं ते पुढे ढकलू नका. छत्रपतीतलं छत्र म्हणजे डोक्यावर धरायचं छत्र, छद् म्हणजे झाकणे या धातूचं, त्याचा क्षत्राशी काहीही संबंध नाही.

आता खरी मजा. हा शब्द आपल्याकडे इराणातून आला. तिथल्या दारयवहू राजाने, म्हणजे ग्रीकांच्या डेरियसने, पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर जो मोठा लेख कोरवला (इ.स.पू. ५२० च्या आसपास) त्यात बाख्त्रीचा (आजचा उत्तर अफगाणिस्तान) दादर्शी आणि अराकोशियाचा (कंदाहारकडचा भाग) विवान या दोघांना ख्षस्सपावन म्हटलंय, राज्याचा राखणदार. इराणच्याच दुसऱ्या बोलीत तो ख्षथ्रपान, ग्रीकांनी त्याचा सात्रापेस केला आणि आपण क्षत्रप. काही विद्वान ठासून सांगतात की हा मुळात संस्कृत शब्द, इराण्यांनी आपल्याकडून उचलला. मग वेदांत 'क्षत्र' जागोजागी असताना 'क्षत्रप' का नाही? आपल्याकडे तो अधिकाऱ्याची पदवी म्हणून दिसायला लागतो तो शकांच्या काळातल्या लेखांत आणि नाण्यांवर, बेहिस्तूननंतर काही शतकांनी. धातू दोघांचे सामायिक आहेत, पदवी त्यांची आहे. माझं स्वतःचं मत असं की आपल्या लोकांना हा शब्द परका वाटलाच नाही, कानाला क्षत्र अधिक प असा आपोआप फोडून ऐकू आला आणि म्हणून तो इतका टिकला. नाहीतर परक्या पदव्या कशा वेड्यावाकड्या होऊन येतात ते आपण बघतोच.

आणि या ख्षथ्रचं पुढे काय झालं माहितीये? शहर! होय, आपलं पुणे शहर, सोलापूर शहर, त्यातलं शहर. ख्षथ्र म्हणजे सत्ता, मग सत्ता चालते तो मुलूख, मधल्या काळातल्या फारसीत ते झालं शह्र आणि सासानी राजे (इस्लामच्या आधीचं इराणचं शेवटचं घराणं) आपल्या अख्ख्या साम्राज्याला एरानशह्र म्हणत, आणि मग आकसत आकसत नव्या फारसीत उरली फक्त नगरी, तीच आपल्याकडे आली. मुंबईतल्या पारशी शेजाऱ्याला विचारा, त्यांच्या सहाव्या महिन्याचं नाव शहेरेवर, त्यातही हेच ख्षथ्र. शहा हा त्याच धातूचा, जुनं रूप ख्षायथिय. बुद्धिबळातला शह तोच, म्हणून काटशहसुद्धा. शहेनशहा म्हणजे राजांचा राजा, आणि त्यातला मधला 'न' हा चक्क षष्ठीचा अवशेष आहे, बेहिस्तूनला ख्षायथियानाम् असं रूप आहे, आपल्या देवानाम् सारखंच! अर्तक्षत्र नावाचे जे इराणी राजे झाले (ग्रीकांचा अर्ताक्सेर्क्सेस, इंग्रजीतला आर्टाझर्क्सीस) ते अर्त अधिक ख्षस्स, म्हणजे ऋत (सत्य, सुव्यवस्था) अधिक क्षत्र. पाठ्यपुस्तकांत हे नाव इंग्रजी उच्चाराने छापतात आणि पोरांना ते परग्रहावरचं वाटतं. ऋतक्षत्र म्हणून सांगा, एका क्षणात कळेल.

मुलूख आकसून गाव का झाला यावर माझी एक थिअरी आहे. सामान्य माणसाला साम्राज्य कधी दिसतच नाही. त्याला दिसतो तो जिथे अधिकारी बसतो, जिथे कर भरायचा, जिथे शिक्का उमटतो तो गाव. म्हणून 'सत्ता' हा शब्द शेवटी त्या गावालाच चिकटला. भाषाशास्त्रवाले यावर नाक मुरडतील, मुरडू देत.

आता साम्राज्य कुणी मोडलं ते. दारयवहूची पर्सेपोलिस या त्याच्या राजधानीत इमारतीच्या पायात पुरलेली सोन्याचांदीची पत्र्यांची जोडी सापडलीये, त्यावर तो आपल्या राज्याच्या हद्दी स्वतःच सांगतो: सोग्दियापलीकडच्या शकांपासून कुशपर्यंत आणि हिंदूपासून स्पर्दापर्यंत. म्हणजे समरकंदच्या पलीकडून सुदानपर्यंत आणि सिंधूच्या खोऱ्यापासून तुर्कीच्या पश्चिम भागातल्या सार्डिसपर्यंत. चार टोकं, आणि या टोकांपलीकडे पाऊल टाकलं तेव्हा बहुतेक वेळा मार खाल्लाय. संस्थापक कुरुश (इंग्रजीत सायरस) इ.स.पू. ५३० ला ईशान्येच्या मस्सागेटी लोकांशी लढताना मेला. त्याचा मुलगा कंबुजिया, त्याने ५२५ ला इजिप्त घेतलं आणि तसाच पुढे कुशवर निघाला, तर वाटेतच दाणागोटा संपला, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दारयवहू डॅन्यूब नदी ओलांडून सिथियन या भटक्या लोकांच्या मागे गेला, ते लढायला उभेच राहीनात, रिकाम्या हाताने परत. मग ग्रीकांकडून मार, ४९० ला मॅरेथॉन, ४८० ला सॅलॅमिस, ४७९ ला प्लाटिया. पूर्वेला तर लढाईचीही गरज पडली नाही, सिकंदर पंजाबात उतरला तेव्हा समोर आले ते तिथले राजे आंभी आणि पोरस, इराणी क्षत्रपाचा तिथे पत्ता नाही.

मग एवढं लांबरुंद राज्य टिकलं कसं? सार्डिस ते सुसा (राजाची आणखी एक राजधानी) हा राजरस्ता अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, हिरोडोटस त्यावर १११ मुक्काम मोजतो आणि पायी चालणाऱ्याला ९० दिवस लागतात म्हणतो. सार्डिसला बंड झालं तर राजाचं सैन्य पोचायला तीन महिने! म्हणून जागेवर एक माणूस हवा ज्याला कर, न्याय, शिपाई सगळं बघता येईल, तो क्षत्रप. त्याच्यावर नजर ठेवायला राजाची वेगळी माणसं, ग्रीक त्यांना राजाचे डोळे म्हणत.

यातली ओरोइटेसची गोष्ट तर पोरांना शिकवायलाच हवी. हा सार्डिसचा क्षत्रप डोईजड झाला होता, पदरी हजार इराणी भालेवाले, आणि दारयवहू नुकताच गादीवर आलेला, चहूकडे बंडं (तो स्वतः सांगतो की एका वर्षात १९ लढाया करून ९ राजे धरले), त्यामुळे फौज पाठवायची सोय नाही. त्याने बगायोस नावाच्या सरदाराला नुसती पत्रं देऊन पाठवलं, प्रत्येकावर राजमुद्रा. बगायोसने एकेक पत्र तिथल्या राजलेखकाला वाचायला दिलं आणि पहारेकऱ्यांचे चेहरे बघत राहिला. मुद्रेचा मान राखतायत असं दिसल्यावर पुढचं पत्र: राजा सांगतो, ओरोइटेसची राखण सोडा. भाले खाली. शेवटचं पत्र: राजा सांगतो, ओरोइटेसला मारा. त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच मारलं. अडीच हजार किलोमीटरवरून, एक शिपाई न हलवता.

तेव्हा क्षत्रपांनी साम्राज्य मोडलं हे मला अजिबात मान्य नाही. दोनशेच्या वर वर्षं ते टिकलं ते याच माणसांवर. इ.स.पू. ३६० च्या दशकातलं ते प्रसिद्ध क्षत्रपांचं बंड सगळे पुरावा म्हणून फेकतात, पण ते लोक एकमेकांनाच दगा देत विस्कटले आणि राज्य त्यानंतरही उभं होतं. दमवलं ते टोकांनी. इजिप्त ४०४ ला सुटलं ते साठेक वर्षं हाती आलं नाही, आणि ते परत घ्यायला किती मोहिमा वाया गेल्या! पैसा आणि माणसं सगळी कडेला गेली.

शेवटी बेस्सस, बाख्त्रीचा क्षत्रप, याने ३३० ला तिसऱ्या दारयवहूला पळता पळता मारलं हे खरं, पण तोवर सिकंदराने पर्सेपोलिस घेतलं होतं, मोडायला उरलं होतं काय? आणि या बेस्ससने गादीवर बसताना नाव काय घेतलं? अर्तक्षत्र! क्षत्राचा राखणदार स्वतःच ऋतक्षत्र झाला. या एका नावासाठी मी हा सगळा इतिहास पुन्हा वाचायला तयार आहे.

आपल्याकडचे क्षत्रपही त्यात घ्या, कारण तिथेही गोंधळ घातलेला असतो. नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात त्याचा सासरा नहपान 'राज्ञः क्षहरातस्य क्षत्रपस्य' आहे (क्षहरात हे त्याचं घराणं), एकाच दमात राजाही आणि क्षत्रपही. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवून त्याची नाणी गोळा केली आणि वर आपले छाप मारले, नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली अशा साठ्यात तेरा हजारांवर नाणी निघाली. यावर काही इतिहासवाले म्हणतात, क्षत्रप म्हणवतो म्हणजे तो कुणाचातरी मांडलिक असणारच, आणि मग तो 'कुणीतरी' शोधत बसतात. मूळ अर्थ तसा होता, पण इथे हे पटत नाही. माळवा-गुजरातेत रुद्रदामा राजाच्या गादीवरचे क्षत्रप इ.स. ४०० च्या आसपास गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताने संपवेपर्यंत नाणी पाडत होते, बराच काळ बाप महाक्षत्रप आणि मुलगा क्षत्रप असं लिहून. त्या शेवटच्या पिढ्यांच्या डोक्यावर कोणता सम्राट होता ते आधी दाखवा. तोवर नुसत्या पदवीवरून कुणाला मांडलिक ठरवू नका.